जुन्या साखळी-ट्रॅक्टरची अवजारे कशी ओळखावीत?

जालना शहराचा लौकिक जसा बियाण्यांमुळे, तसा लोखंडी सळयांमुळेही आहे. दूरदूरचे मोडीचे लोखंड येथील भट्ट्यांत वितळते व सळई होऊन बाहेर पडते. या मोडीत कधी कधी अशी वस्तू येते की, ती वितळविणे म्हणजे हातची चीज मातीमोल करणे होय. साखळीवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरची अवजारे त्यांपैकीच आहेत. ती वजनाने भारी, म्हणून भंगारवाल्यास प्रिय. आणि कोणत्या यंत्राची हे न कळल्यामुळे मालकही ती वजनावर देऊन मोकळा होतो. सबब त्यांच्या ओळखीच्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचे शिल्लक राहिलेले असे ट्रॅक्टर आपल्या सरकारने घेतले व केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेचे काम त्यांवर सुरू झाले. १९४९ साली जागतिक बँकेने १ कोटी डॉलर कर्ज दिले, तेही मुख्यत्वे कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी नांगरून काढण्याच्या यंत्रांसाठीच. हराळी-कुंद्याने पछाडलेल्या काळ्या रानाचे दुःख ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या यंत्रांची मातब्बरी वेगळी सांगावयास नको.

मुख्य अडचण अशी की, ट्रॅक्टर एकाचा आणि अवजार दुसऱ्याचे, अशी त्या काळची रीत होती. होल्ट व बेस्ट या दोन कंपन्या १९२५ साली एक होऊन कॅटरपिलर कंपनी झाली. परंतु महायुद्धाच्या अखेरीपर्यंत तिच्या ट्रॅक्टरांस लागणारी माती ढकलण्याची पाती बहुधा लाप्लांट-शोट किंवा लटूर्नो यांची असत, विंच हायस्टरची असे व माती भरण्याचे यंत्र ट्रॅक्सनचे असे. ही ट्रॅक्सन कंपनी कॅटरपिलरने १९५१ साली विकत घेतली. इंटरनॅशनल ट्रॅक्टरांवर ब्युसायरस-ईरीची, तर ॲलिस-चामर्सवर बेकरची पाती आढळतात. म्हणून रंगावर किंवा ट्रॅक्टरच्या नावावर विसंबू नये.

आमची स्वतःची फजिती सांगतो. कॅटरपिलर डी-२ साठी आम्ही एकदा पात्याची चौकट घेतली. विकणाऱ्याने ‘डी-२ चीच’ म्हणून सांगितले व ते खरेही होते! परंतु डी-२ दोन रुंदीचे निघत. १९४७ पूर्वीच्या यंत्रांत ‘३ जे’ क्रमांकाच्या साखळ्यांच्या मध्यरेषांतील अंतर ४० इंच, तर ‘५ जे’ चे ५० इंच. आमचे यंत्र ४० चे आणि चौकट ५० ची. दोन्ही बाजूंस पाच-पाच इंच फट राहिली, आणि भाडे-हमालीचा भुर्दंड पदरी पडला. डी-४ मध्येही ४४ व ६० इंच, आणि डी-६ मध्ये ६० व ७४ इंच असे भेद आहेत.

तेव्हा प्रथम आपल्या यंत्राचा अनुक्रमांक व साखळ्यांमधील अंतर टिपून ठेवावे. मग अवजार रॉकेल व तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून कारखान्याची पट्टी शोधावी. पट्टी गेली असेल तर ओतीव भागावरील उठावदार आकड्यांवर खडू घासावा, म्हणजे ते वाचता येतात. मात्र ओतिवाचा आकडा हाच सुट्या भागाचा क्रमांक असे समजू नये. पुष्कळदा दोन्ही भिन्न असतात.

त्यानंतर पाते कशाने उचलले जाई ते पाहावे. कप्प्या असतील तर ते तारदोराचे; दट्ट्याच्या नळकांड्यांसाठी कान असतील तर ते तेलाच्या दाबाचे. एकाचे साहित्य दुसऱ्यास सहसा लागत नाही.

शेवटी बोल्टाचे आटे मोजावे. अर्ध्या इंचाच्या बोल्टास दर इंची १२ आटे असतील तर तो विलायती व्हिटवर्थ, १३ असतील तर अमेरिकन जाड आट्याचा. नेटाने पिळल्यास एकाची चाकी दुसऱ्यावर थोडी चढेलही, पण आटे मरतील.

२०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. तेव्हापासून बांध, शेततळे व गाळ काढणे यांचे मोल प्रत्येकास कळले आहे. जुने यंत्र दुरुस्त होऊन अशा कामी लागले, तर लहान शेतकऱ्याचा भाड्याचा पैसा वाचेल. म्हणून आमची विनंती एवढीच की, अवजार काट्यावर चढविण्यापूर्वी त्याची मापे, आकडे व भोकांमधील अंतरे एका कागदावर उतरवून जाणत्या मिस्त्रीस दाखवावी. एका दिवसाचा विलंब होईल; परंतु भट्टीत गेलेला भाग पुन्हा मिळणार नाही.