घराला लागून असलेला लेथ

वाळवा तालुका उसाचा आहे. ऊस म्हटला की ट्रॉल्या, पंप, गुऱ्हाळाचे चरक आले आणि त्यांची मोडतोडही आली. ऐन गळीत हंगामात रात्री ट्रॉलीच्या हबचे आटे गेले किंवा नदीकाठच्या पंपाचा बुश झिजला, तर सुटा भाग बाहेरगावाहून येईपर्यंत थांबायला कुणालाच सवड नसते. म्हणून इस्लामपूर आणि आसपासच्या गावांत घराला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये लेथ, ड्रिल, वेल्डिंग सेट असे दिसले तर नवल वाटत नाही. हा लेथ चालवणारा माणूस बहुधा आयटीआयमध्ये टर्नर झालेला असतो, नाहीतर एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला. शेजाऱ्याचे अडलेले काम संपले की त्याच चकात तो स्वतःच्या डोक्यातली एखादी कल्पनाही बांधून बघतो. पोट आणि हौस यांच्यात भिंत नसलेली ही जागा मला फार मोलाची वाटते.

तिची मुळे शोधायला लांब जावे लागत नाही. कृष्णा ओलांडून पलूसच्या बाजूला गेले की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली त्या माळावर कारखाना उभा राहिला. तिथे कामाला लागलेली शेतकऱ्यांची पोरे पुढे टर्नर, फिटर, मोल्डर झाली. आज सांगली-कोल्हापूर पट्ट्यात लोखंडाची जी जाण दिसते, तिचा मोठा वाटा मी या वाडीच्या पदरात टाकतो.

कोल्हापूरचे उदाहरण तर घरगुती यंत्रकामाचा मुकुटमणी आहे. बाबूराव पेंटर यांना सिनेमा काढायचा होता, पण परदेशी कॅमेरा हाती नव्हता. १९१८ साली त्यांनी शिष्य व्ही. जी. दामले यांच्या मदतीने कॅमेरा स्वतःच तयार केला आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. फिल्म एकेका चौकटीने पुढे सरकली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे आणि त्याच क्षणी शटर उघडले पाहिजे. ही जुळणी ज्यांनी साधली त्यांची ओळख चित्रकार म्हणून होती. अलीकडचे उदाहरण देवराष्ट्र्याचे आहे. तिथल्या एका कारागिराने भंगारातल्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस तिची बातमी देशभर गेली. तिच्या कौतुकात गरिबी आणि जिद्द यांवरच भर राहिला, कारागिरी मागे पडली याचे मला वाईट वाटते.

घरी लेथ घ्यायचा तर जुन्या बाजारात हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे लेथ अजून मिळतात. ती कंपनी १९४१ ची. शिवाय बटाला आणि राजकोटचे लेथ असतातच. नवा रंग बघून भुलू नये. बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकाजवळ, कारण कॅरेज आयुष्यभर तिथेच ये-जा करते. कॅरेज चकाजवळ अंगाबरोबर बसेल इतकी आवळावी आणि टेलस्टॉककडे ढकलून पाहावी. तिकडे ती अडकू लागली तर चकाकडचा बेड खाल्ला गेला आहे असे समजावे. घरी सिंगल फेज असेल तर दीड हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर व्हीएफडीवर चालते, तेवढ्यासाठी थ्री फेज जोडणीमागे धावायची गरज नाही. वेगाचे गणितही सोपे आहे. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे लोखंड मिनिटाला २५ मीटरच्या आसपास कापावे, म्हणजे २५ मिलिमीटरच्या बारला सुमारे ३२० फेरे येतात. हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये आणि चकाची किल्ली चकात सोडून वळूही नये. हे दोन नियम ज्यांनी मोडले त्यांची बोटे सांगतील.

खरी गंमत आटे पाडण्यात आहे. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंचाचा असतो, इंचाला ४ आटे. पंपवाल्याला मात्र २ मिलिमीटर पिचचा आटा हवा असतो. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि या आकड्याला ५ ने गुणले की नेमके १२७ येतात. म्हणून १२७ दात्यांचे गिअर लागते. स्पिंडलकडे ४० चे आणि लीड स्क्रूवर १२७ चे चढवले की २ मिलिमीटर तंतोतंत पडतात. असा आटा पाडताना मधेच हाफनट सोडायचा नसतो. टूल मागे घेऊन मशीन उलटे फिरवत परत यायचे, नाहीतर पुढचा कट आधीच्या खाचेत बसत नाही. मिलिंगवर गिअर पाडायचे तर डिव्हायडिंग हेडच्या हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा. २४ दात्यांसाठी दर दात्याला हँडलचा एक पूर्ण फेरा द्यायचा आणि वर १८ भोकांच्या वर्तुळात १२ भोके पुढे जायचे. मिलिंग मशीन परवडत नसेल त्याने लेथच्या क्रॉस स्लाइडवर उभी स्लाइड बसवावी, जॉब तिच्यावर आणि कटर चकात धरावा. काम सावकाश होते, पण चावीचा गाळा चांगला निघतो.

या गोष्टी इथल्या जुन्या टर्नरना तोंडपाठ आहेत. कागदावर मात्र त्या क्वचितच आहेत, आणि माझी कळकळ त्यासाठी आहे. इंग्लंडात पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक घरच्या लेथवर काम करणाऱ्यांसाठी सुरू केले. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी यांनी भंगार ॲल्युमिनियम घरच्या भट्टीत वितळवून लेथ कसा बनवायचा याच्या पुस्तिका लिहिल्या. आपल्याकडे त्याची वाट पूर्वीच पडली होती. किर्लोस्करवाडीच्या त्याच कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. शं. वा. किर्लोस्करांनी लक्ष्मणरावांचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने लिहिले. यंत्र आणि मराठी गद्य एका छपराखाली नांदत होते. ते नाते मग का सुटले?

इस्लामपुरात आयटीआय आहे, जवळ राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सीएनसीवर शिकलेली मुले तिथून बाहेर पडतात, आणि पडावीतच. पण झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर देऊन तो पुन्हा मापात कसा आणायचा, गनमेटलचा बुश शाफ्टवर किती सैल ठेवायचा, चार जबड्यांच्या चकात वाकडातिकडा कास्टिंगचा तुकडा डायल लावून मध्यावर कसा आणायचा, हे शेडमधल्या माणसाला विचारावे लागते. मुलांनी सुट्टीत वही घेऊन त्याच्याजवळ बसावे. त्याच्या लेथची गिअरांची जोडी, हंगामात आलेली कामे, प्रत्येक कामाला वापरलेला धातू, टूलचा कोन हे सगळे त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे, शेजारी मापांसह आकृती काढावी. पहिली वही पंपाच्या बुशची करावी, कारण तो प्रत्येक शेडमध्ये येतो. मग चरकाची, मग ट्रॉलीच्या हबची.