प्रायाम राजाची मुले

कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी दिसली की आपण ती चिमटीत धरून फेकून देतो. पुष्कळदा ती 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराची असते. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटीस. या नावामागे मोठा घोळ आहे.

१७५८ साली स्वीडनच्या लिनीअसने 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत आपल्याला ठाऊक असलेली सगळी फुलपाखरे 'पॅपिलिओ' या एकाच प्रजातीत घातली. पॅपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरूच! नावे पुरवायला ट्रॉयचे युद्ध होतेच. त्यातल्या मोठ्या, रुबाबदार फुलपाखरांचे त्याने दोन तट पाडले. छातीशी रक्तासारखे लाल ठिपके असलेली ट्रॉयची, बाकीची ग्रीकांची. आपल्याकडचा लाल-काळा हेक्टर ट्रॉयच्या बाजूला गेला, हिरव्या ठिपक्यांचा अ‍ॅगॅमेम्नॉन ग्रीकांकडे.

एकाच गिऱ्हाइकाची दोन नावांनी दोन खाती असली की लेजर कसे फसवते, हे मी बँकेतल्या नोकरीत पुरेपूर पाहिले. लिनीअसने नेमके तेच केले. मॉर्मनच्या नराला 'पॅमॉन' म्हटले, मादीला 'पॉलिटीस'. दोघेही प्रायाम राजाचे मुलगे. म्हणजे बाईच्या नशिबी राजपुत्राचे नाव! १७७५ मध्ये क्रॅमरने हेक्टरसारख्या दिसणाऱ्या मादीला 'रोम्युलस' म्हणून तिसरे खाते उघडून दिले.

त्यांना दोष तरी कसा द्यावा? दोघांपुढे होती ती टाचणीला टोचलेली मेलेली फुलपाखरे. ही मादी तीन वेषांत वावरते. एक नरासारखी, एक 'कॉमन रोझ'सारखी, एक हेक्टरसारखी. हेक्टर आणि रोझच्या अळ्या ईश्वरीच्या विषारी वेलीवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. त्या धाकाचा फायदा ही बिनविषारी बाई उठवते. ही सारी एकाच जातीची रूपे, हे वॉलेसने १८६५ मध्ये मांडले. हा वेषपालट 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हाती आहे, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले.

दरम्यान पॅपिलिओचे एकत्र कुटुंब फुटले. हेक्टर पॅचलिओप्टात गेला, अ‍ॅगॅमेम्नॉन ग्राफियमात, खुद्द प्रायाम ऑर्निथॉप्टेरात. शाखा बदलली तरी खाते क्रमांक तोच राहावा, तसे जातीचे नाव कायम राहते. फक्त मूळ नामकर्त्याचे नाव कंसात जाते. हेक्टरपुढे लिनीअस कंसात आहे. पॉलिटीस मात्र आजही पॅपिलिओतच, त्यामुळे तिथे कंस नाही.

आणि पॅमॉन? ते नाव खोडलेले नाही. पॉलिटीसच्या समानार्थी नावांच्या यादीत, १७५८ या सालासकट, ते अजून आहे.