शेळी तोंड लावत नाही तो पाला

पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेनं निघालं की मुळशीतल्या गावांत बांधावर, परड्याच्या कडेला एक झुडूप दिसत राहतं. लांबट, टोकाला निमुळती होत गेलेली गर्द हिरवी पानं आणि थंडीत येणारी पांढरी फुलं, आतून जांभळट रेघांची. शेळी बाभळीचे काटे चुकवून पाला ओरबाडते, पण ह्याला तोंड लावत नाही, इतका कडू. कुंपणाला अडुळसा लावतात तो म्हणूनच. आता ह्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंजवडीत या. ऑफिस सुटल्यावर कुणीतरी खोकत मेडिकलमध्ये शिरतो आणि ॲम्ब्रॉक्सॉलची बाटली घेऊन बाहेर पडतो. बाटलीवर कुठंही पानाचं चित्र नाही, तरी आतलं औषध कुंपणावरच्या त्या झुडपाचं नातवंड आहे.

नात्याचा धागा सरळ आहे. अडुळशाच्या पानातला कडू अल्कलॉइड १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी वेगळा काढला. तो वासिसिन. पुढं रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूची मोडतोड-जोडणी केली आणि १९६३ मध्ये जर्मनीच्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीनं ब्रोमहेक्झिन बाजारात आणलं. गंमत पुढंच आहे. ब्रोमहेक्झिन पोटात गेलं की आपलं शरीरच त्यापासून आणखी एक औषध घडवतं, ते ॲम्ब्रॉक्सॉल. मग तेही स्वतंत्रपणे तयार करून विकायला सुरुवात झाली. झुडपानं शेळीपासून जीव वाचवायला केलेलं रसायन आज माणसाची छाती मोकळी करतंय.

मोकळी म्हणजे नेमकं काय करतंय? श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांचं अस्तर असतं. हे केस सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात आणि कफाचा पातळ थर घशाकडं वर सरकवत राहतात. धूळ, जंतू, चुलीचा धूर सगळं त्या थरात अडकतं आणि आपल्या नकळत गिळलं जातं. कफ घट्ट झाला, फार साचला की केसांचं बळ पुरत नाही. तेव्हा खोकल्याची पाळी येते. माणूस सुमारे अडीच लिटर हवा आत ओढतो, स्वरयंत्राचं दार गच्च बंद होतं, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आवळतात. आत दाब चढतो आणि दार एकदम उघडतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत, न सांगता-शिकवता. खोकला ही छातीची झाडलोट आहे.

म्हणूनच ब्रोमहेक्झिन आणि ॲम्ब्रॉक्सॉल खोकला दाबत नाहीत. कफाला चिकटपणा देणारे धागे ते तोडतात, म्हणजे बेडका सुटायला सोपा होतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीनची जात वेगळी. ती मेंदूतून येणारा खोकल्याचा हुकूमच मंद करतात. कोरड्या ढासेनं रात्रभर झोप नसेल तर त्यांचा उपयोग, पण छाती कफानं भरलेली असताना झाडलोट बंद पाडणं शहाणपणाचं नाही.

अडुळशाचं ताजं पान नुसतं कुटलं तर रस फारसा सुटत नाही. आयुर्वेदात त्यावर पुटपाकाची युक्ती आहे. पानांचा गोळा दुसऱ्या मोठ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती भाजून लालसर झाली की गोळा काढून, फडक्यात घालून पिळायचा. घरात एवढा खटाटोप जमला नाही तर पानं वाफवून घेतात. हिरवट काळा रस निघतो, त्यात मध. चव मात्र जिभेवरून लवकर जात नाही.

कडूपणाची आणखी एक गोष्ट २०१० मध्ये कळली. मेरिलँड विद्यापीठात दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट आणि सहकाऱ्यांना कडू चव ओळखणारे ग्राहक चक्क श्वासनळ्यांच्या स्नायूंवर सापडले. कडू म्हणजे विषारी, तेव्हा नळ्या आकसतील असा अंदाज होता. झालं उलटं, स्नायू सैल पडले. यावरून अडुळशाचा गुण सिद्ध होत नाही. पण फुप्फुसालाही कडू कळतं, हे काय कमी झालं?

गोडाचंही काम आहेच. सितोपलादी चूर्णाचं प्रमाण पाहा : खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा आणि एकूण ३१ भागांत १६ भाग साखर. कार्डिफचे संशोधक रॉन एकल्स यांचं म्हणणं असं, की कफ सिरपच्या गुणात औषधाहून गोडव्याचा आणि विश्वासाचा वाटा मोठा असतो. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यात चमचाभर मधाचा उपयोग होतो, हे चाचण्यांतही दिसलं आहे.

पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. बोट्युलिझमचा धोका असतो. अडुळशानं गर्भाशय आकसतं, म्हणून गरोदरपणी तो वर्ज्य. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं आणि लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानं बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या आत सहसा टाळावीत. खोकला दोन आठवडे हटला नाही तर काढा उकळत बसू नये. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा, क्षयाची तपासणी तिथं फुकट होते.

आणि हे नातवंड अजून स्वस्थ बसलेलं नाही. ॲम्ब्रॉक्सॉल पेशीतलं एक विकर वाढवतं, असं दिसून आलं. त्या विकराच्या जनुकातला दोष पार्किन्सन होण्याचा धोका वाढवतो. म्हणून खोकल्याचं हे जुनं औषध आता ब्रिटनमध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवर तपासलं जातंय.