सायंप्रार्थना, वृंदगायित
अँग्लिकन चर्चमधील गायनप्रधान सायंकालीन उपासना. टॉमस क्रॅन्मर यांनी दोन जुन्या मठीय प्रार्थना एकत्र करून १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तिची रचना केली. बायबलमधील स्तोत्रांचे चरण असमान असल्याने बरीचशी अक्षरे एकाच स्वरावर म्हणून चरणान्ती सुरावट बदलतात. ग्रंथांतील ओवी म्हणणाऱ्यास ही युक्ती परकी वाटू नये. बीबीसीने ७ ऑक्टोबर १९२६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतून ती प्रथम प्रक्षेपित केली. गायकवृंद गातो व मंडळी मुख्यतः ऐकते. त्यामुळे दूरचा नभोवाणी-श्रोताही उपासकच ठरतो. महाराष्ट्रातील अँग्लिकन मंडळ्या १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये समाविष्ट झाल्या. मराठी ख्रिस्ती उपासनेचा कल मात्र निराळा : ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजने सर्वांनी मिळून गावयाची असतात. ती नुसती ऐकणे अपुरेच.