गळके इंजिन आणि बाजारातला सुटा भाग



वसंत व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून संतवाङ्मयापासून अवकाशयानापर्यंत सर्व विषयांचा परामर्श घेतला जातो. मोटारीखाली जमिनीवर पडणाऱ्या तेलाच्या थेंबाविषयी मात्र कोणी बोलत नाही. जवाहरनगरात या विषयाला संकोचण्याचे कारण नाही. आयुध निर्माणीमुळे येथे पाना आणि गेज हाती धरलेली माणसे घरोघर आहेत. शिवाय भंडारा-गोंदिया भागात जुन्या जीपगाड्यांचा शौक आणि त्यांच्यावर पोट भरणे या दोन्ही गोष्टी फार दिवसांपासून चालत आल्या आहेत. लष्कराच्या लिलावात निघालेली जोंगा घेऊन ती धडधडत ठेवणारे हौशीही आहेत. जोंगा हे कुठल्या तरी आफ्रिकी जनावराचे नाव असावे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जबलपूर, ऑर्डनन्स, गनकॅरेज, असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतून ते घडले आहे. गाडी मुळात जपानच्या निस्सान कंपनीची, जबलपूरला १९९९ पर्यंत बनत होती.

जुने इंजिन गळते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. इंजिनाच्या पोटात तेल असते. क्रँक फिरतो, तेल उडते, पंप ते बेअरिंगांपर्यंत पोचवतो. इंजिन हे एक अखंड ओतकाम नाही. ब्लॉक, वर हेड, खाली पत्र्याचे चेंबर, बाजूला टॅपेट कव्हर, पुढे टायमिंग कव्हर, असे तुकडे जोडून ते झालेले असते. जेथे दोन स्थिर तुकडे मिळतात तेथे पॅकिंग बसते, आणि जेथून फिरता दांडा बाहेर येतो तेथे सील बसते. गळती यांपैकी एका ठिकाणाहून होते. पण गाडी चालताना पंख्याचा वारा तेल मागे ढकलतो आणि स्वतःच्या वजनाने ते खाली उतरते. त्यामुळे थेंब जेथे पडतो ते दुखण्याचे ठिकाण असेलच असे नाही. पुढच्या कव्हरातून निघालेले तेल पार क्लच हाउसिंगच्या तळाशी येऊन टपकते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’

म्हणून पहिले काम धुण्याचे. इंजिन थंड असताना ते रॉकेलने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा चाळलेला चुना भुरभुरावा, इंजिन गरम होईपर्यंत चालवावे आणि बॅटरी घेऊन पाहावे. ओली रेघ जेथून सुरू होते, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची, ती जागा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले तर आणखी कळते. इंजिनाचे तेल काळे व पातळ, गिअरचे घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे. यात खर्च काहीच नाही, आणि म्हणूनच हे कोणी करीत नाही!

दुसरी गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण अर्ध्याअधिक ठिकाणी चूक येथेच होते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळका वायू सिलिंडरमधून खाली क्रँकच्या कोठीत शिरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. जीपच्या जुन्या पेट्रोल इंजिनात त्यासाठी एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, आणि त्यातून हा वायू इंजिनच पुन्हा ओढून घेते. हा व्हॉल्व्ह काजळीने बुजला की कोठीत दाब वाढतो. भात शिजताना झाकणाखालून फेस निघतो तसे तेल मग प्रत्येक फटीतून बाहेर येऊ लागते. अशा वेळी नवे सील घालणे म्हणजे झाकणावर वरवंटा ठेवण्यासारखे आहे. आमच्या संघटनेकडे गावोगाव हिंडण्यासाठी एक जुनी जीप होती. दोन वर्षांत तिचे मागचे सील तीन वेळा बदलले गेले, तीन गॅरेजांत. शेवटी मी शब्दकोश शेजारी ठेवून तिचे इंग्रजी मॅन्युअल वाचले, आणि त्यातल्या आकृतीत हा व्हॉल्व्ह सापडला. तो काढून रॉकेलात बुडवला. त्यानंतर ती जीप कोरडी राहिली. सील चांगलेच होते, तिन्ही वेळा. परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम असताना तेल भरण्याचे झाकण काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद फडफडून उडत असेल आणि धूर भकभक येत असेल, तर सीलच्या दुकानात जाण्याआधी ब्रीदर पाहा. तो साफ असूनही धूर येत असेल तर रिंगांचे काम निघाले आहे, आणि ते काम मोठे आहे.

जीपचे मागचे सील हा एक स्वतंत्र अध्याय आहे. महिंद्रांनी १९४७ पासून विलीसच्या जीपा आपल्या देशात जोडायला सुरुवात केली. युद्धकाळातल्या जीपचे इंजिन १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २२०० सीसीचे. पुढे त्याच मापात एक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक ब्लॉकमध्ये असलेले दुसरे इंजिन आले. दोन्हींत मागचे सील दोन अर्ध्या कड्यांचे असते. एक अर्धे ब्लॉकमध्ये, दुसरे बेअरिंगच्या टोपीत. पण टोपीच्या दोन्ही बाजूंना रबराच्या दोन उभ्या पट्ट्याही असतात. त्या ब्लॉकच्या कडेपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर राहिल्या पाहिजेत. चेंबर आवळले की त्या दाबल्या जातात आणि फट बुजते. नवखा मुलगा त्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून ब्लेडने सपाट कापतो, आणि सील कितीही उत्तम असले तरी तेल त्या बाजूने उतरते. तसेच त्या सीलच्या वर, कॅमशाफ्टच्या मागच्या तोंडावर, पत्र्याची एक बशीसारखी चकती ठोकलेली असते. ती ढिली झाली तर तेल नेमके सीलच्या गळतीसारखेच दिसते. गिअरबॉक्स खाली घेतलाच आहे तर ही चकतीही पाहून घ्यावी. पुन्हा तेवढ्यासाठी तो उतरवणे म्हणजे एक दिवसाची मजुरी पाण्यात.

आता सुट्या भागांकडे येतो. ‘लोकल माल’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. हा लोकल माल आला कोठून? जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्डही येथे होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की, ज्यांना भाग येथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. १९५४ साली दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यांवर राहिल्या. त्यांना पॅकिंग, रिंगा, सील कोण देणार? तेव्हा लहान लहान शेडमधल्या टर्नर-फिटरांनी जुना भाग समोर ठेवून नवा केला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली. तिचे उत्पादन थांबून तेव्हा वीसहून अधिक वर्षे लोटली होती. मग ती धावली कोणाच्या जिवावर? या लोकल मालाच्याच. ज्या हातांनी ते केले, त्यांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. एवढे ऋण मान्य करून मगच दोषांविषयी बोलावे, असे मला वाटते.

दोष आहेतच. बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो आणि त्यांची गल्लत होते. एक मूळ कंपनीचा. दुसरा दुसऱ्याच कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. हा उत्तमही असतो, वाईटही असतो, पण प्रामाणिक असतो. तिसरा दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात घातलेला. हा गुन्हा आहे. १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरीही लोक दुसऱ्याला नाके मुरडतात आणि खोके पाहून तिसरा घेऊन येतात. मी खोके पाहत नाही, भाग पाहतो. सीलवर आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी छापलेली असते. ती जुन्याशी आणि व्हर्नियरने दांड्याशी ताडून घ्यावी. ओठ अंगठ्याने वाकवावा. रबर लवचिक असावे आणि सोडताच मूळ जागी यावे. वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या तर ते कपाटात म्हातारे झाले आहे. बंद गोल सीलच्या ओठामागे तारेची बारीक स्प्रिंग असते, ती जागेवर आहे ना पाहावे. कॉर्कचे पॅकिंग हातात भुगा होऊन येत असेल तर ते दुकानदाराच्या टेबलावरच ठेवून यावे. आणि पक्की पावती मागावी. ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर पावती हाच पुरावा.

पण चांगला भागही वाईट बसवला तर गळतो. सीलचा ओठ वर्षानुवर्षे दांड्यावर एकाच जागी घासतो आणि तेथे चर पडतो. नख फिरवले की लागतो. नवे सील पुन्हा त्याच चरावर बसले तर पहिल्या दिवसापासून गळणार. जागा असेल तर ते एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवावे, नाही तर दांड्यावर पातळ बाही चढवावी. सील कोरडे बसवू नये, ओठाला तेल लावावे, आणि ओठाचे तोंड तेलाकडे असावे. चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळणे ही आपल्याकडची राष्ट्रीय सवय आहे. त्याने पत्रा भोकांपाशी वर येतो, मधल्या जागेत फट पडते, आणि माणूस आणखी आवळतो. चेंबर उतरवून लाकडी ठोकळ्यावर हातोडीने भोके सपाट करणे हाच उपाय. बोल्टांचेही तेच. जीपला इंची आटे, फियाटला मेट्रिक. ‘बसतो आहे ना’ म्हणून एकाचा दुसऱ्यात कोंबला की ब्लॉकचा आटा जातो.

हल्ली नळीतून येणाऱ्या सिलिकॉन लेपाने पुष्कळांना वाटते की पॅकिंगची गरजच संपली. जितका लेप बाहेर दिसतो तितकाच आतही पिळला गेलेला असतो. तो तुटून तेलात पडतो आणि पंपाच्या जाळीवर बसतो. मग गळती बंद होते खरी, पण बेअरिंगांना तेल पोचत नाही. वीस रुपयांच्या कॉर्कऐवजी क्रँक जातो.

हे झाले गाडीचे. आता गाडीखाली निजलेल्या मुलाविषयी दोन शब्द, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचे सर्वांत गंभीर अंग हेच आहे. जुन्या इंजिनांच्या दोरीच्या सीलमध्ये, हेड आणि एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये, क्लचप्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असे. जुने पॅकिंग कोरडे खरवडले, तारेच्या ब्रशने घासले किंवा क्लचची धूळ हवेच्या नळीने उडवली की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू छातीत जातात. रोग दिसतो तो वीस-तीस वर्षांनी, जेव्हा ना ते गॅरेज असते, ना तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आदेश दिला की, कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी. हायवेच्या कडेला टिनाखाली पाना धरणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवतो? खनिज तेलाने होणारा त्वचेचा कर्करोगही १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला होता. तरीही वापरलेल्या तेलाने भिजलेली फडकी खिशात कोंबून दिवसभर हिंडणारी मुले आपण रोज पाहतो. जुने पॅकिंग पाण्याने भिजवून मगच काढावे, चुरा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावा, हवेची नळी लावू नये, हात रॉकेलने न धुता साबणाने धुवावेत. गाडीमालकाने हे सांगितले तर पाच मिनिटे जास्त लागतील. त्या पाच मिनिटांचे पैसे त्याने न कुरकुरता द्यावेत.

हौशी मालकांसाठी कायद्याचीही एक गोष्ट. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा. सील आणि पॅकिंग बदलणे ही निगा झाली. पण आपल्या भागात पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कितीतरी जीपांत डिझेल इंजिने बसवली गेली. त्या गाड्यांनी या दाराशी जाऊन उपयोग नाही. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला लावता येत नाही, हेही ध्यानात असावे.

शेवटी, प्रत्येक थेंब म्हणजे बिघाड नव्हे. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात मागे रबरी सीलच नव्हते. क्रँकवर उलट्या आट्यासारखी खाच कापलेली असे आणि क्रँक फिरताना ती तेल परत आत ढकलत असे. इंजिन थांबले की ढकलणारे कोणी नाही, म्हणून उतारावर उभी केली की दोन-चार थेंब यायचेच. तेथे नवे सील शोधत फिरू नये. सपाट जागी गाडी लावावी, खाली टिनाची ताटली ठेवावी, आणि दर रविवारी तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी. थेंब एक्झॉस्टच्या तापल्या नळीवर किंवा क्लचप्लेटवर पडत असेल तर मात्र गाडी बाहेर काढू नये. पहिल्याने आग लागते, दुसऱ्याने चढावर क्लच घसरतो. ताटलीत साचलेले तेल नाल्यात ओतू नये. भंडाऱ्याच्या कडेने वैनगंगा वाहते. ते डब्यात भरून, वापरलेले तेल घेण्याचा परवाना असलेल्या माणसाकडेच द्यावे.