शास्त्रीबुवांचा खून : न चाललेला एक खटला

पंढरपूरचा इतिहास सांगताना आपण भक्त पुंडलिकापासून सुरुवात करतो आणि साने गुरुजींच्या १९४७ सालच्या उपोषणापाशी येऊन थांबतो. मधल्या काळातली एक घटना मात्र सहसा कोणी सांगत नाही. १८१५ च्या जुलै महिन्यात, ऐन आषाढी वारीच्या दिवसांत, विठ्ठलाचे दर्शन घेऊन परत निघालेल्या एका वकिलाचा याच गावच्या रस्त्यावर खून झाला. हा वकील म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचे मुतालिक गंगाधरशास्त्री पटवर्धन. पुढे तीन वर्षांच्या आत पेशवाई बुडाली, आणि ती बुडण्याच्या कारणांत या खुनाचे नाव प्रत्येक इतिहासकार घेतो. पाठ्यपुस्तकातही त्याला एक ओळ मिळते : "त्रिंबकजी डेंगळ्याने शास्त्र्याचा खून करविला." इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या एका ओळीबद्दलच चार शब्द लिहायचे आहेत. ज्या आरोपाने एक राज्य गेले, त्याचा खटला कोणत्याही न्यायासनासमोर कधी चाललाच नाही.

प्रथम माणसांची ओळख करून घेऊ. गंगाधरशास्त्री मूळचे वाईजवळच्या मेणवलीचे. पुण्यात फडक्यांच्या पदरी काही काळ काढून ते बडोद्यास गेले आणि तेथील इंग्रज रेसिडेंटाच्या मर्जीने वर चढले. माणूस हुशार, हिशेबात पक्का आणि जिभेने तिखट. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्यांचे जे वर्णन केले आहे ते मोठे गमतीचे आहे. शास्त्रीबुवा इंग्रजांसारखे भरभर चालतात, भरभर बोलतात, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडतात आणि पेशव्यांच्या कारभाऱ्यांना खुशाल मूर्ख म्हणतात, असे तो लिहितो. असा माणूस पुण्याच्या दरबारात मित्र किती जोडणार आणि शत्रू किती, हे सांगायला नकोच.

दुसरे त्रिंबकजी डेंगळे. संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचे पाटील घराणे. १८०२ साली होळकरांपुढे पळ काढलेल्या दुसऱ्या बाजीरावाची एक कामगिरी त्यांनी चलाखीने पार पाडली आणि साध्या जासुदाचे ते पुढे पेशव्यांचे उजवे हात झाले. इंग्रजांचे वर्चस्व त्यांना सलत असे. एल्फिन्स्टनला ते डोळ्यांसमोर नको होते आणि त्यांनाही एल्फिन्स्टन नको होता.

आता भांडणाचे मूळ. गायकवाडांकडे पेशव्यांची जुनी बाकी फार मोठी होती. शिवाय अहमदाबादचा इजारा गायकवाडांकडे दहा वर्षांच्या कराराने होता, त्याची मुदत १८१४ साली संपत होती. या दोन्ही बाबींचा निकाल लावण्यासाठी शास्त्रीबुवा पुण्यास आले. येताना त्यांच्या जिवाला धोका आहे हे सर्वांना माहीत होते, म्हणून इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी, त्या काळच्या भाषेत बहांदरी, दिली होती. धोका होता तो पुण्यापेक्षा बडोद्याच्याच माणसांकडून. तेथील पदच्युत कारभारी सीताराम रावजी यांचा पक्ष शास्त्र्यांवर जळत होता आणि त्या पक्षाचे गोविंदराव बंधुजी व भगवंतराव गायकवाड हे दोघे पुण्यातच मुक्काम ठोकून होते.

बोलणी फिसकटली. अहमदाबादचा इजारा खुद्द त्रिंबकजींना मिळाला. पुढे पेशव्यांनी एकाएकी धोरण बदलले आणि शास्त्रीबुवांवर कृपेचा वर्षाव सुरू झाला. त्यांच्या मुलाला पेशव्यांची मेहुणी देण्याचे ठरले आणि नाशकास लग्नाची तयारीही झाली. सात लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख देऊन बाकी मिटवावी, अशी तडजोड शास्त्र्यांनी सुचविली होती, पण बडोद्याहून तिला मान्यता येईना. तेव्हा त्यांनी लग्न लांबणीवर टाकले व अखेर मोडलेच. आपल्या पत्नीला पेशव्यांच्या वाड्यात पाठविण्यासही त्यांनी नकार दिला, कारण तिथली चालचलणूक त्यांना पसंत नव्हती. बाजीरावाला हे दोन्ही अपमान झोंबले असणार, यात शंका नाही.

अशा स्थितीत आषाढी आली. पेशवे पंढरपुरास निघाले, बरोबर शास्त्रीबुवाही. एल्फिन्स्टन वेरूळची लेणी पाहायला गेला होता. त्या रात्रीची हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात सविस्तर दिली आहे. शास्त्रीबुवांना बरे वाटत नव्हते. त्रिंबकजींकडून दर्शनास येण्याचे बोलावणे आले, ते त्यांनी परत पाठविले. पुन्हा निरोप आला : गर्दी ओसरली आहे, थोडी माणसे घेऊन यावे. तेव्हा फार ताणणे बरे नव्हे असे वाटून ते मोजक्या, निःशस्त्र माणसांनिशी निघाले. वाटेत गर्दीतल्या एकाने "यांत शास्त्री कोणते?" असे विचारले आणि दुसऱ्याने "गळ्यात कंठी आहे ते" असे उत्तर दिले. हे बोलणे शास्त्र्यांच्या माणसाच्या कानांवर पडले, पण त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही. दर्शन झाले, त्रिंबकजींशी बोलणे झाले. परतताना मागून तीन माणसे "वाट सोडा, वाट सोडा" असे ओरडत धावत आली. एकाच्या हातात कापडाचा पीळ दिसत होता, त्याच्या आड तलवार होती. पाहता पाहता शास्त्रीबुवा ठार झाले. मारेकरी नंग्या तलवारींनिशी देवळाच्या बाजूला पळताना दिसले, असे त्यांच्या नोकरांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांचे कारकून त्रिंबकजींकडे गेले. चौकशी करतो, पण धागादोरा सापडत नाही, तुमचा संशय कोणावर आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. पेशव्यांनी स्वतःभोवतीचा पहारा वाढविला. आणि पंढरपूरच्या लोकांना या खुनाविषयी तोंडातून शब्द काढण्याची मनाई झाली!

एल्फिन्स्टन ऑगस्टमध्ये पुण्यास परतला. त्याने त्रिंबकजी, गोविंदराव व भगवंतराव यांना पकडण्याची मागणी केली. स्वतः पेशव्यांवर मात्र त्याने आरोप ठेवला नाही. नोकराला शिक्षा करावी म्हणजे धनी निर्दोष ठरेल, असाच त्याचा पवित्रा होता. बाजीरावाने त्रिंबकजींना नावापुरते वसंतगडावर ठेवले, पण इंग्रज फौज हलू लागताच सप्टेंबरमध्ये त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन केले. उरलेल्या दोघांची रवानगी बडोद्यास झाली. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात बंद झाले आणि पहाऱ्याला मुद्दाम फक्त गोरे शिपाई नेमण्यात आले. हीच दक्षता इंग्रजांना नडली. एक मराठा मोतद्दार घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणी म्हणत असे. मराठी न समजणाऱ्या पहारेकऱ्यांना तो नुसता गातो आहे असे वाटे आणि गाण्यातून सुटकेचा बेत आत पोहोचे. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी संध्याकाळी त्रिंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून निसटले. बिशप हेबर १८२५ साली ठाण्यास आला तेव्हा या सुटकेची कथा लोकांच्या तोंडी होती, ती त्याने नोंदवून ठेवली आहे.

पुढची पाने भराभर उलटतात. शंभुमहादेवाच्या डोंगरात, नातेपुते-फलटणच्या बाजूला त्रिंबकजींनी माणसे जमविली. पेशवे त्यांना पकडून देत नाहीत म्हणून एल्फिन्स्टनने सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण मागितले. १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावाला त्रिंबकजींचा अपराध कबूल करावा लागला आणि गुजरातेतले हक्कही सोडावे लागले. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या अष्टीला, बापू गोखले पडले. ३ जून १८१८ ला बाजीराव शरण आला. त्याच सुमारास त्रिंबकजीही सापडले. काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ते कैदेतच १८२९ साली वारले.

आता पुराव्याकडे वळू. त्रिंबकजींविरुद्ध काय आहे? आग्रहाने पुन्हा पुन्हा धाडलेले बोलावणे, थोडी माणसे आणण्याची सूचना, मारेकरी पळाले ती दिशा, आणि खुनानंतरची टाळाटाळ. संशय दाट व्हायला एवढे पुरेसे आहे. पण या साखळीतल्या पहिल्या तीन कड्या शास्त्र्यांच्याच नोकरांच्या तोंडून आलेल्या आहेत. त्यांची उलटतपासणी कोणी केली नाही. कंठीची खूण सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे कुठेच ठरले नाही. प्रत्यक्ष वार करणाऱ्यांपैकी कोणालाही उभे करून जबानी घेतलेली नाही. दुसऱ्या बाजूला सीताराम रावजींच्या पक्षाचे वैर जुने होते आणि शास्त्री जाताच त्यांचा मार्ग मोकळा होणार होता. खुद्द एल्फिन्स्टनला त्या दोघांचा संशय आला होता, म्हणूनच त्याने त्यांची नावे घेतली. आणि चौकशी करणारा एल्फिन्स्टन हा तर हमी देणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी. फिर्यादीही तोच, तपास करणाराही तोच आणि निकाल देणाराही तोच.

इथे बडोद्याच्याच दुसऱ्या एका प्रकरणाची आठवण होते. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट फेअर याने आपल्या सरबतात विष घातल्याची तक्रार केली आणि मल्हारराव गायकवाडांवर आळ आला. या वेळी मात्र आयोग बसला. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी : जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव. मल्हाररावांतर्फे सार्जंट बॅलंटाइन हा विलायतेतला नामांकित वकील उभा राहिला आणि त्याने साक्षीदारांना फैलावर घेतले. निकाल तीन विरुद्ध तीन असा दुभंगला. इंग्रजांनी १८७५ साली मल्हाररावांना गैरकारभाराचे कारण दाखवून गादीवरून काढले ते काढलेच, पण विषप्रयोग सिद्ध झाला असे त्यांना म्हणता आले नाही. उलटतपासणीने आरोपाचे काय होते, ते यावरून दिसते. त्रिंबकजींच्या वाट्याला तो एक दिवसही आला नाही.

म्हणून त्रिंबकजी निर्दोष होते, असे मी म्हणणार नाही. मला वाटते, संशयाचा काटा त्यांच्याकडेच झुकतो. आजकाल काही जण त्यांना केवळ इंग्रजांचे शत्रू म्हणून निष्कलंक ठरवू पाहतात, तेही एका ओळीच्या निकालाइतकेच घाईचे आहे. इंग्रजांशी वैर हा देशाभिमान असेल, निरपराधीपणाचा दाखला नव्हे.

मला खरा दोष दिसतो तो बाजीरावाचा. तपास करणे त्याच्या हाती होते. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द रघुनाथरावाला दोषी ठरविले होते. बाजीराव हा त्याच रघुनाथरावाचा मुलगा. ज्या दरबारात असा न्यायाधीश होऊन गेला, त्या दरबाराला बेचाळीस वर्षांनी आपल्या पाहुण्याच्या खुनाची साधी उघड चौकशी करता आली नाही. ती झाली असती, तर त्रिंबकजी सुटले असते किंवा दोषी ठरले असते, पण निकाल पुण्याचा असता. पेशव्यांनी न्यायाची जागा मोकळी सोडली आणि रेसिडेंट त्या जागेवर जाऊन बसला. तह, किल्ले आणि अखेर राज्य, सगळे त्या मोकळ्या जागेतून गेले.

राहता राहिले आपले गाव. वारीच्या दिवसांत पंढरपुरात डोळे किती असतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कोणी पळणारे मारेकरी पाहिले असतील, कोणी ओळखलेही असतील. बडवे, उत्पात, फुलवाले, दुकानदार, चंद्रभागेवरून परतणारे वारकरी, यांपैकी एकाचीही साक्ष कागदावर उतरली नाही, कारण बोलायचे नाही असा हुकूम होता. शास्त्रीबुवांना न्याय मिळाला नाही आणि त्रिंबकजींनाही मिळाला नाही, याचे मूळ मला त्या हुकुमात दिसते. गुन्ह्याची कहाणी वाचताना "खुनी कोण?" हा प्रश्न आपल्याला लगेच सुचतो. त्याच्या जोडीला "साक्षीदारांना गप्प कोणी केले?" हाही प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी, एवढेच या निमित्ताने सांगावेसे वाटते.