भिंत वीज वळवते, बनवत नाही

अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने मे २०२५मध्ये लेझरच्या झोतातून ८.६ किलोमीटरवर ८०० वॉटहून अधिक वीज पोहोचवली, तीही जेमतेम तीस सेकंद. आपल्याकडे तेवढ्यावर चार्जरचं श्राद्ध घालून झालं. भर पडली ती ६-जीच्या गप्पांची. त्या ६-जीबरोबर रीकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस, म्हणजे ‘आरआयएस’, येणार आणि घराच्या भिंतीच फोन चार्ज करणार म्हणे! लेझरच्या त्या विक्रमाशी या भिंतींचा काहीही संबंध नाही. इथं खेळ रेडिओलहरींचा आहे.

आरआयएस म्हणजे एक फलक: त्यावर धातूचे छोटे ठिपके, प्रत्येकामागे एखादा डायोड. डायोडचा व्होल्टेज बदलला की परतणाऱ्या लहरीची कला (फेज) बदलते. सगळ्या ठिपक्यांवरून परतलेल्या लहरी एकाच जागी एका तालात पोहोचल्या, की तिथं शक्ती एकवटते. मध्ये कपाट असलं तरी झोत वळसा घालून जातो. ठिपके दुप्पट केले की पोहोचणारी शक्ती चौपट होते, हे या विषयातलं लाडकं विधान. ते खरंही आहे: दुप्पट फलक दुप्पट लहरी झेलतो आणि त्या अधिक नेमक्या एकवटतो. पण अंगावर पडलं त्यापेक्षा जास्त तो परत देऊ शकत नाही, हे त्याच दमात क्वचितच कोणी सांगतं.

सांगणाऱ्यांत स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातले एमिल ब्यॉर्नसन ठळक. आरआयएसवर ते स्वतःच काम करतात, म्हणून त्यांची शंका जास्त वजनदार. लहर पकडून पुढे पाठवणाऱ्या साध्या रिलेला हरवायचं तर फलक बराच मोठा लागतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह गणितानं दाखवलं. आणि तो हिशेब संदेशवहनाचा होता! संदेश मायक्रोवॉटच्या हजाराव्या हिश्श्यावरही वाचता येतो. वीज साठवायची तर काही मायक्रोवॉट तरी हातात पडावे लागतात.

आता आपणच आकडे मांडू. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात झोताच्या दिशेनं ४ वॉट इतकीच प्रभावी शक्ती सोडता येते. पाच मीटरवरच्या एक चौरस मीटर फलकावर त्यातले जेमतेम १३ मिलिवॉट पडतात. ते सगळेच्या सगळे फोनमध्ये गेले असं धरलं, तरी १५ वॉट-तासांची बॅटरी भरायला सुमारे पन्नास दिवस लागतील, आणि तेवढे दिवस फोन बंद ठेवावा लागेल. अशा फलकावर अडीचशेच्या आसपास ठिपके बसतात. पिन डायोड वापरले, तर चालू स्थितीतला प्रत्येक डायोड काही मिलिवॉट खातो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! व्हॅरॅक्टर डायोड खूपच कमी खातात, पण नियंत्रण सर्किटचा खर्च उरतोच.

बिनतारी वीज अशक्य आहे, असं मात्र नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियात गोल्डस्टोन इथं विल्यम ब्राउन आणि रिचर्ड डिकिन्सन यांच्या चमूनं मायक्रोवेव्हमधून दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक वीज मिळवली. ग्राहक पडद्यावर पडलेल्या शक्तीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक विजेत बदलली. पण प्रक्षेपक होता ४५० किलोवॉटचा, अँटेना २६ मीटर व्यासाची. दिवाणखान्यात यातलं काय बसवणार?

आरआयएसची खरी गिऱ्हाइकं वेगळी आहेत: शीतगृहातले तापमापक, पुलाच्या तड्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर, गोदामातले टॅग. त्यांची भूक मायक्रोवॉटांची असते आणि बॅटरी बदलायला माणूस पाठवणं महाग पडतं. तिथं हा फलक उपयोगी ठरू शकतो. फोनसाठी भिंत विकायला कोणी आलं, तर किती चौरस मीटर आणि किती वॉट, एवढं आधी विचारा.